सामायिक कोठार आणि वेगळ्या चुली

मराठी माणसांनी एकत्र येऊन आरंभलेले काम फार काळ टिकत नाही, अशी तक्रार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. मंडळ स्थापन होते, पहिली दोन वर्षे उत्साहात जातात, तिसऱ्या वर्षी मतभेद होतात आणि पाचव्या वर्षी एका मंडळाची दोन मंडळे झालेली असतात. या साऱ्याचे स्पष्टीकरणही ठरलेले असते : स्वभाव. कोकणाविषयी बोलताना तर ‘भाऊबंदकी’ हा एकच शब्द उच्चारला की पुढे काही सांगण्याची गरज उरत नाही. जणू तो शब्द म्हणजे निदानही आहे आणि उपचाराची अशक्यताही.

प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाकडे जरा संशयाने पाहायचे आहे. एकत्र काम करणाऱ्या माणसांचे ऐक्य त्यांच्या स्वभावावर अवलंबून असते हे खरेच. पण त्यांच्यात जी वस्तू सामायिक आहे तिची मांडणी कशी केली आहे, यावरही ते तितकेच अवलंबून असते, असे मला वाटते. ही गोष्ट आज सर्वाधिक स्पष्टपणे दिसते ती संगणकाच्या क्षेत्रात. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याला तिचे मर्म समजण्यासाठी संगणकाजवळ जाण्याची फारशी गरज नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा विश्वकोश या तीन कार्यांत तोच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहिला होता. आणि त्याची एक जुनी, कटू आवृत्ती रत्नागिरी जिल्ह्याच्या जमिनीत सापडते.

प्रथम संगणकाविषयी थोडे. मोठे सॉफ्टवेअर म्हणजे लक्षावधी ओळींचा मजकूर असतो आणि तो शेकडो माणसे एकाच वेळी लिहीत असतात. हा मजकूर ज्या ठिकाणी ठेवला जातो त्याला रिपॉझिटरी म्हणतात. आपण त्याला कोठार म्हणू. या कोठाराचे वैशिष्ट्य असे की त्यात मजकुराची केवळ आजची अवस्था नसते, आजवरच्या सर्व अवस्था असतात. कोणती ओळ कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने बदलली याची नोंद त्यात कायम राहते. एखाद्या पोथीवर प्रत्येक लेखकाने केलेली प्रत्येक दुरुस्ती त्याच्या नावानिशी, तिथीनिशी आणि कारणानिशी जपली गेली असती तर पाठचिकित्सेचे काम किती सुकर झाले असते, याची कल्पना केली म्हणजे या सोयीचे मोल ध्यानात येईल.

ही कोठारे आरंभापासून आजच्यासारखी नव्हती. १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी मजकुराच्या आवृत्त्या जपणारी पहिली व्यवस्था तयार केली. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी तिची सुधारलेली व्यवस्था मांडली. या सुरुवातीच्या पद्धतींचे तत्त्व कुलुपाचे होते. ज्याला एखाद्या प्रकरणात बदल करायचा असेल त्याने ते ‘उचलायचे’. तो परत ठेवीपर्यंत इतरांनी ते वाचावे, पण त्यात हात घालू नये. यात गोंधळ होत नसे, पण कुलूप लावून एखादा मनुष्य रजेवर गेला म्हणजे बाकीचे हात बांधून बसत. १९८६ च्या सुमारास डिक ग्रून यांच्या प्रयत्नातून निराळी रीत आली : सर्वांनी एकाच वेळी आपापल्या प्रतीवर काम करावे आणि शेवटी प्रती एकमेकींत मिसळाव्यात; जिथे दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तिथेच भांडण, बाकी सर्वत्र शांतता. पुढे एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट ही व्यवस्था तयार केली. तीत मध्यवर्ती कोठारच अपरिहार्य उरले नाही. प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असते, आणि कोणाची प्रत प्रमाण मानायची हा यंत्राचा प्रश्न न राहता विश्वासाचा प्रश्न होतो.

ही तीन तत्त्वे, म्हणजे कुलूप, मिलाफ आणि प्रत्येकाजवळ पूर्ण प्रत, ध्यानात ठेवून रत्नागिरीकडे वळू.

दक्षिण कोकणात खोतीची पद्धत होती हे वाचकांना ठाऊक असेलच. खोत हा गावचा सारा सरकारात भरणारा आणि कुळांकडून वसूल करणारा वतनदार. वारसाहक्काने एका गावाची खोती अनेक वाटेकऱ्यांत विभागली जाई. तरी वसुलीचा कारभार एका वेळी एकाकडेच असे, आणि पुष्कळ ठिकाणी तो पाळीपाळीने वाटेकऱ्यांकडे फिरे. १८८० च्या खोती कायद्यानेही कारभारी खोत ही गोष्ट मान्य केली होती. ही शुद्ध कुलुपाची पद्धत आहे. या वर्षी कारभार तुझा, पुढील वर्षी माझा; पाळी असेतोवर दुसऱ्याने हात घालायचा नाही. वाटेकऱ्यांतील तंटा टाळण्यासाठी ही व्यवस्था सोयीची होती यात शंका नाही. पण ज्याच्याकडे कारभार वर्षापुरताच आहे त्याला त्या वर्षात जेवढे पदरात पडेल तेवढे पाडून घेण्याचा मोह होणार, आणि बांधबंदिस्तीवर खर्च करण्याची इच्छा मात्र होणार नाही, हेही उघड आहे. त्या खर्चाचे फळ पुढच्या पाळीवाल्याला मिळणार.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या कोठाराच्या नोंदींत ज्याच्या घामाची नोंद व्हायला हवी होती त्या कुळाला लिहिण्याचा अधिकारच नव्हता. वाटेकऱ्यांच्या आपसातील सलोख्याची किंमत कुळे मोजत होती. ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते या अन्यायाविरुद्ध. प्रत्यक्ष निर्मूलन १९४९ च्या कायद्याने झाले. तेव्हा सामायिक वस्तूच्या रचनेविषयी विचारायचा पहिला प्रश्न असा : ती कोणाकोणात ऐक्य निर्माण करते, आणि त्या ऐक्याबाहेर कोणाला ठेवते?

खोती गेली, पण सामायिकपणाचा प्रश्न राहिला. कोकणातील सामायिक सातबारा हा आज विनोदाचा विषय झाला आहे. एका उताऱ्यावर चार पिढ्यांची वीस-पंचवीस नावे असतात. काही मुंबईत, काही परदेशात, काही हयात नाहीत. घराचे कौल बदलायचे तरी सर्वांची संमती हवी, म्हणून कोणीच कौल बदलत नाही आणि घर पावसात बसते. याला आपण भाऊबंदकी म्हणतो. वस्तुतः येथे प्रत्येक बदलाला प्रत्येकाची सही लागते, आणि न बदलण्याला मात्र कोणाचीच लागत नाही. देवमाणसांचे कुटुंब असले तरी अशा रचनेत घर पडेलच. उलट, वाटण्या करून घेतलेल्या घरांत मधोमध भिंत उभी राहते, दोन चुली पेटतात आणि माजघराचा वापर संपतो. एकीकडे सगळे सामायिक आणि म्हणून अचल. दुसरीकडे सगळे विभक्त आणि म्हणून परके. सॉफ्टवेअरच्या जगात गेली काही वर्षे जो वाद चालू आहे तो हाच. सर्व चमूंचा कोड एका कोठारात ठेवावा, की प्रत्येक चमूला त्याचे स्वतंत्र कोठार द्यावे?

या वादाच्या मुळाशी एक जुने निरीक्षण आहे. मेल्विन कॉनवे यांनी एप्रिल १९६८ मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात असे प्रतिपादन केले की कोणतीही संस्था जी व्यवस्था घडवते तिच्या रचनेत त्या संस्थेतील संवादाची रचनाच उमटते. ज्या दोन गटांत बोलणे नाही त्यांनी घडवलेल्या भागांतही सांधा नीट बसत नाही. कॉनवे यांचे विधान माणसांकडून वस्तूकडे जाते. या लेखात मला उलट दिशेचा प्रवास पाहायचा आहे : वस्तूची रचना माणसांच्या संवादाला कसे वळण देते. त्यासाठी आपल्याकडील सर्वांत समृद्ध उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताचे आहे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ मध्ये मालवणचा. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि त्यांचे शालेय शिक्षणही रत्नागिरीत झाले. त्यांच्या नावाची संस्था ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात स्थापन झाली आणि १९१९ मध्ये त्यांच्याच हस्ते चिकित्सक आवृत्तीच्या कामाचा आरंभ झाला. त्याआधी युरोपातील विद्वत्सभांनी हेच काम हाती घेण्याचे ठरवले होते. विंटरनिट्झ यांनी १८९७ पासून त्याचा पाठपुरावा केला, ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुनाही छापला. पण महायुद्धाने देशादेशांतील संबंध तुटले आणि योजना बारगळली. पुण्यात ती तडीस गेली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे अर्थसाहाय्य, विद्वानांची चिकाटी ही कारणे आहेतच. पण कामाच्या मांडणीचाही त्यात वाटा आहे.

ही मांडणी विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ मध्ये सूत्रे घेतल्यावर पक्की झाली. तिचा पाया होता पाठतुलनेचा कागद. त्याच्यावर आडव्या-उभ्या रेघा आखून चौकोन पाडलेले असत. माथ्यावर प्रचलित पाठातील श्लोक, अक्षराला एक चौकोन. डाव्या बाजूला पोथ्यांची नावे. ज्या पोथीत ज्या अक्षरी भेद असेल त्या चौकोनात तो लिहायचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा आणि तळाशी एखाद्या पोथीत अधिक असलेल्या श्लोकांसाठी मोकळी जागा. पाठतुलना पुण्यात चाले, तशी तंजावरला आणि शांतिनिकेतनातही चाले. तिन्ही ठिकाणची माणसे एकमेकांना भेटोत वा न भेटोत, कागद एकाच आखणीचा होता. एकट्या आदिपर्वासाठी साठ पोथ्या तपासल्या गेल्या; संपूर्ण महाभारतासाठी हा आकडा १,२५९ सांगितला जातो. इतका मजकूर शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतून एका चौकटीत उतरला. ऐक्य आधी निर्माण झाले ते या चौकटीत. माणसांतले ऐक्य तिच्या आधाराने वाढले.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. चिकित्सक आवृत्तीत जो भाग मूळ संहितेबाहेर ठरला तो फेकून दिलेला नाही. छोटे प्रक्षिप्त अंश तारांकित करून त्याच पानावर तळाशी दिले. मोठे अंश परिशिष्टात गेले. गणपती व्यासांचा लेखक झाल्याची कथा संहितेत नाही, पण ग्रंथात आहे. संपादकांना ज्या पाठाविषयी पुरेशी खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ आहे. म्हणजे निर्णय घेतला, पण निर्णयाचा पुरावाही वाचकाच्या हाती दिला. ज्याचा पाठ नाकारला गेला त्याला ‘माझी पोथी पाहिलीच नाही’ असे म्हणण्यास जागा उरली नाही. कोठारात हरलेला पक्षही जपला जातो हे कळले की हरणे सुसह्य होते. माझ्या मते कोणत्याही सामूहिक लेखनातील ऐक्याचे हे सर्वांत मोठे रहस्य आहे. गिटसारख्या व्यवस्थेत टाकून दिलेली ओळ इतिहासात राहते, त्याचा खरा उपयोग ती परत आणण्यापेक्षा हा आहे की ती लिहिणाऱ्याचा मान राहतो.

तिसरी गोष्ट विभागणीची. पर्वे निरनिराळ्या संपादकांकडे दिली गेली. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांकडे, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांच्याकडे, सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे. विराटपर्व १९३६ मध्ये पूर्ण झाले, उद्योग १९४० मध्ये आणि दुसरे असलेले सभापर्व १९४४ मध्ये. क्रम मोडला तरी काम अडले नाही, कारण प्रत्येकाच्या पर्वाला स्वतंत्र अंग होते आणि पाठनिर्णयाचे नियम, पोथ्यांच्या संज्ञा, टीपांची पद्धत मात्र सर्वत्र एक होती. स्वतंत्र खोल्या आणि सामायिक माजघर अशी ही रचना. तिची परीक्षा २१ जानेवारी १९४३ रोजी झाली. त्या दिवशी सुखठणकर निवर्तले. एकखांबी तंबू असता तर तो तेव्हाच कोसळला असता. पुढे बेलवलकर, त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी तेच काम त्याच नियमांनी चालवले आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत त्याची समाप्ती झाली. १९१९ ते १९६६ : ४७ वर्षे आणि तीन प्रधान संपादक, तरी ग्रंथ एकच वाटतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. सुखठणकरांच्या आधी नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती छापून ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवली होती. काम पूर्ण होण्याआधीच ते इतरांपुढे उघडे करण्याची ही रीत आज सॉफ्टवेअरमध्ये नित्याची झाली आहे. आपला मजकूर मुख्य प्रवाहात मिसळण्यापूर्वी दुसऱ्याने तो वाचावा, शंका काढाव्या, मगच तो स्वीकारला जावा. यात अहंकार दुखावतो, पण एकदाच आणि लवकर. छापून झाल्यावर निघालेली चूक मात्र माणसांना कायमची दूर नेते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पांडुरंग वामन काणे आहेत. त्यांचा जन्म १८८० मध्ये चिपळूणजवळ परशुराम-पेढे परिसरात झाला आणि शिक्षण दापोलीत. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वकिली सांभाळून एका माणसाने हजारो पृष्ठांचे हे काम केले. एकट्याच्या कोठारात मिलाफाचा प्रश्नच येत नाही. कोणाचा पाठ घ्यायचा यावर वाद नाही, कारण वादी आणि प्रतिवादी एकच. अशा कामाबद्दल आदर वाटावा तितका थोडा. परंतु त्याची पद्धत वारसाने देता येत नाही. काण्यांचा ग्रंथ आपण वापरतो. त्यांची टिपणांची व्यवस्था, त्यांच्या डोक्यातील संदर्भांचे जाळे त्यांच्याबरोबर गेले. महाभारताच्या कामात मात्र कोणाही नव्या माणसाला कागद हाती देऊन पहिल्या दिवसापासून उपयोगी काम सांगता येत होते. आपल्याकडे काण्यांसारख्यांच्या तपश्चर्येचे कौतुक अधिक होते, आखलेल्या कागदाचे कमी. मंडळे मोडतात याचे एक कारण या अभिरुचीतही असावे.

आता कोशांकडे येऊ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ मध्ये ज्ञानकोशाचे काम हाती घेतले आणि बारा वर्षांत २३ खंड पुरे केले. त्यात आरंभीचे पाच प्रस्तावना खंड विषयवार आहेत आणि त्यानंतरचा कोश अकारविल्हे आहे. या दोन रचनांचा माणसांवर होणारा परिणाम अगदी निराळा असतो. विषयवार खंडाचा लेखक आपल्या विषयापुरता स्वतंत्र असतो. इतिहासाचा खंड रखडला म्हणून विज्ञानाचा अडत नाही. वर्णानुक्रमात असे चालत नाही. ‘अ’ची एक नोंद रसायनाची, दुसरी काव्यशास्त्राची, तिसरी गावाची, त्यांपैकी एकही राहिली तर खंड छापता येत नाही. सर्वांना एकाच तारखेला एकाच ठिकाणी यावे लागते. वर्णमालेइतका निःपक्षपाती आणि निष्ठुर मुकादम दुसरा नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर वर्णानुक्रमी कोश हे एकच कोठार आहे : शेजाऱ्याच्या कामाकडे पाहणे तेथे ऐच्छिक राहत नाही.

याचा एक परिणाम सहसा कोणी नोंदवत नाही. ज्ञानकोशाच्या कचेरीत काम केलेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे संपादक झाले, त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या अवघ्या काही वर्षांत निघाले. ज्ञानकोश संपला, पण सर्व विषयांच्या नोंदी एकत्र हाताळण्याची सवय झालेली माणसे तयार झाली होती आणि ती एकत्र राहिली. समाईक कोठारात काम करण्याचे फळ केवळ ग्रंथाच्या रूपाने मिळत नाही. दुसरा ग्रंथ करू शकणारी फळी हेही त्याचे फळ आहे.

मराठी विश्वकोशाचा प्रवास याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे हे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये पूर्ण झाला. वर्णानुक्रम तोच, पण चार दशकांच्या काळात त्याची किंमत वाढली. एकाच विज्ञानशाखेची ‘अ’ने सुरू होणारी नोंद एका पिढीने लिहिली आणि ‘स’ने सुरू होणारी दुसऱ्या पिढीने. मध्यंतरी ज्ञानच बदलले. म्हणून पुढे अद्ययावतीकरणासाठी विषयवार ज्ञानमंडळे स्थापन करून ती विद्यापीठांशी आणि संस्थांशी जोडण्याचा मार्ग स्वीकारला गेला. म्हणजे एका कोठारातून अनेक कोठारांकडे. यात गती आली आणि तज्ज्ञतेचा मान राहिला. परंतु वर्णमाला जे काम फुकट करून देत होती, म्हणजे रसायनाच्या माणसाला काव्यशास्त्राच्या माणसाशेजारी बसवण्याचे, ते आता कोणालातरी जाणीवपूर्वक करावे लागते. विभक्त कुटुंबात सणाला एकत्र जमण्याचे आमंत्रण द्यावे लागते. एकत्र कुटुंबात ते लागत नाही. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

सॉफ्टवेअरमधील अनुभवही याहून निराळा नाही. गूगलच्या दोन अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्या कंपनीचा बहुतेक सर्व कोड, सुमारे २०० कोटी ओळी, एकाच कोठारात होता आणि सुमारे २५ हजार माणसे त्यात काम करीत होती. फायदा असा की एखाद्या मूलभूत भागात दुरुस्ती करणाऱ्याला तिचा परिणाम सर्वत्र दिसतो आणि तो निस्तरण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. पण एवढ्या मोठ्या माजघराला शिस्त लागते : कोणता भाग कोणाच्या देखरेखीखाली हे लिहून ठेवावे लागते, आणि कोठार सांभाळण्यासाठीच वेगळी माणसे व साधने पोसावी लागतात. लहान संस्थेने केवळ अनुकरणाने हे करू जावे तर सामायिक सातबाऱ्याची गत व्हायची.

उलट अनेक कोठारांच्या जगात प्रत्येक चमू आपल्या गतीने चालतो, पण शेजाऱ्याचे दार किती कच्चे आहे हे वेळ येईपर्यंत कळत नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक तुकडा त्याच्या कर्त्याने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास अडून पडली. त्या प्रकल्पांतील बहुतेकांना आपण या अकरा ओळींवर उभे आहोत याची कल्पनाही नव्हती. वेगळ्या चुली मांडल्या तरी विहीर एकच होती. फक्त तिच्याकडे पाहण्याचे कोणी ठरवले नव्हते.

येथे एक आक्षेप येणारच. रचनेने माणसे एक होतात असे म्हणणे म्हणजे टेबल गोल केले की सभा शांत होते असे म्हणण्यासारखे नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. ज्यांना एकमेकांचे तोंड पाहायचे नाही त्यांना कोणतेही कोठार एकत्र ठेवू शकणार नाही, आणि कॉनवे यांच्या मते तर रचना हीच आधीच्या संबंधांची सावली असते. तरीही मला वाटते की बहुतेक सामूहिक कामे शत्रुत्वाने मोडत नाहीत. ती लहान लहान गोष्टींनी मोडतात : कोणी काय बदलले हे न कळणे, आपले टाचण कोठे गेले हे न सापडणे, आपला पाठ का नाकारला याचे उत्तर न मिळणे, आणि आपण केलेले काम दुसऱ्याच्या नावावर दिसणे. या चारही गोष्टी स्वभावाच्या नसून नोंदीच्या आहेत, आणि नोंदीची व्यवस्था आपल्या हातात असते. महाभारताच्या आवृत्तीनेही यांतील शेवटची गोष्ट पूर्णपणे साधली असे म्हणता येत नाही. वर्षानुवर्षे चौकोनांत अक्षरे भरणाऱ्या शास्त्र्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. आजच्या कोठारात प्रत्येक ओळीशी तिच्या लेखकाचे नाव जोडलेले असते. खोतीच्या दप्तरात ज्याला जागा नव्हती त्याचा वारस येथे पहिल्यांदा लिहिता झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात कोणाला लिहू द्यायचे हे ठरवणारा अजूनही कोणीतरी असतोच, म्हणून तो पहिला प्रश्न विचारणे थांबवता येत नाही.

या साऱ्याचा साहित्याच्या अभ्यासकाशी संबंध काय? आपल्याकडे बोलींचे कोश, लोकगीतांचे संग्रह, स्थानिक इतिहासाची साधने गोळा करण्याचे उपक्रम महाविद्यालयांतून सुरू होत असतात. रत्नागिरी जिल्ह्यातच संगमेश्वरी, दालदी आणि तत्सम बोलींवर असे काम करण्याजोगे खूप आहे. अशा उपक्रमात पहिल्या बैठकीचा वेळ अध्यक्ष कोण आणि संपादक मंडळात कोण यात जातो. तो वेळ नोंदीच्या कागदाची आखणी करण्यात गेला पाहिजे. प्रत्येक शब्दासोबत गाव, सांगणाऱ्याची समाजातील जागा, नोंद करणाऱ्याचे नाव, तारीख आणि नाकारलेला अर्थ यांसाठी रकाने असावेत. तालुकावार विभाग स्वतंत्र असावेत, पण संज्ञा आणि लेखनाचे नियम एक असावेत. एका तालुक्याच्या नोंदी छापण्यापूर्वी दुसऱ्या तालुक्याच्या माणसाने वाचाव्यात. आणि पूर्ण प्रत एकाहून अधिक ठिकाणी असावी. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. २००५ आणि २०२१ च्या पुरांनी त्याच्या ग्रंथसंग्रहाला फटका बसला. नदी कोणाच्या स्वभावाचा विचार करीत नाही. एकाच कपाटात ठेवलेले सामायिक धन तिच्या एका रात्रीचे असते.

भाऊबंदकी हा शब्द आपण जरा जपून वापरावा, एवढेच म्हणायचे आहे. पुष्कळदा ज्याला आपण माणसांचे वैर समजतो ते एका वाईट आखलेल्या कागदाचे फळ असते. कागद पुन्हा आखता येतो.